अनलॉक करा, रूटचं नंतर पाहू

सोयगाव घाटाखाली आहे. जिल्ह्याचं ठिकाण डोंगरापलीकडे, त्यामुळे आमचा ओढा पाचोरा-जळगावकडे जास्त. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि जुना फोन घेऊन गेलात तर उत्तर ठरलेलं असतं: याला आता अपडेट येत नाही, नवीन घ्या. ज्यांच्या हातात पैसा कपाशी विकल्यावरच येतो, त्यांना हे उत्तर परवडत नाही. मी इथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बूटलोडर उघडणं, कस्टम रॉम टाकणं, रूट करणं हे आधी हौसेनं शिकलो आणि पुढे तेच रोजचं काम झालं. दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना जे सांगतो ते इथे मांडतोय.

१. काम एक नाही, तीन आहेत.

गिऱ्हाईक येतं आणि सरळ म्हणतं, "भाऊ, रूट मारून द्या." आधी विचारा की त्रास काय आहे. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे कंपनीच्या सहीशिवायची सिस्टिम चालू द्यायला फोनला परवानगी देणं. कस्टम रॉम म्हणजे कंपनीची सिस्टिम काढून दुसरी बसवणं. आणि रूट म्हणजे चालू सिस्टिमच्या गाभ्यात हात घालायचा पूर्ण अधिकार घेणं. पहिल्याशिवाय दुसरं होत नाही, पण तिसऱ्याशिवाय दुसरं मजेत होतं.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना रूट लागतच नाही. फोन हँग होतो, जाहिराती येतात, मेमरी भरते, एवढंच दुखणं असतं. कंपनीने भरलेली नको ती अ‍ॅप काढायला तर अनलॉकही लागत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डिबगिंग चालू करा, संगणकाला जोडा आणि एडीबीच्या एका आदेशाने ते अ‍ॅप त्या वापरकर्त्यापुरतं काढून टाका. डेटा जात नाही, वॉरंटीला धक्का नाही. फॅक्टरी रिसेट केलं की ते अ‍ॅप परत येतं, म्हणजे माघारीची वाटही मोकळी.

२. एके काळी रूट मराठीसाठी करावं लागायचं.

आजच्या पोरांना हे खरं वाटत नाही. अँड्रॉइड २.३ म्हणजे जिंजरब्रेडपर्यंतच्या बऱ्याच फोनांत देवनागरी दिसायचीच नाही. मराठी बातमी उघडली की नुसते चौकोन. ऑपेरा मिनीच्या छुप्या सेटिंगमध्ये अवघड लिप्यांसाठी चित्रातली अक्षरं वापरायचा पर्याय होता. तो चालू केला की निदान ब्राउझरमध्ये वाचता यायचं. मेसेज आणि बाकी सगळीकडे मात्र चौकोनच. मग रूट करून सिस्टिमच्या फाँट फोल्डरमध्ये देवनागरी फाँट टाकायचा. तरी अक्षरं जुळवणारं यंत्रच आत नसल्याने पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहायची. ‘स्थिती’ वाचताना डोळ्यांनी अक्षरं जागच्या जागी लावून घ्यावी लागायची. लोक तेवढ्यावरही खूश होते.

पुढे चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट दिसू लागली आणि २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये फोनची भाषाच मराठी करता येऊ लागली. रूटबद्दल मला आजही आदर आहे तो यामुळे. कंपन्यांनी आपली भाषा दाखवायच्या आधी लोकांनी ती फोनमध्ये घुसवली. ते कारण मात्र आता उरलेलं नाही.

३. डब्यावरचं नाव पाहून फाइल उतरवू नका.

प्रत्येक फोनला एक कोडनेम असतं आणि रॉम त्या कोडनेमसाठीच बनते. भारतात ‘रेडमी नोट ५’ नावाने विकला गेलेला फोन आतून ‘विन्स’ आहे. त्याच नावाने चीनमध्ये विकला गेलेला ‘व्हायरेड’ आहे, जो आपल्याकडे ‘नोट ५ प्रो’ म्हणून आला. नोट ४ चंही तसंच: स्नॅपड्रॅगन ६२५ वाला ‘मिडो’ वेगळा, मीडियाटेकवाला वेगळा. नाव बघून टाकलेली रॉम रिकव्हरीने, म्हणजे रॉम बसवून देणाऱ्या छोट्या सिस्टिमने, नाकारली तर नशीब. फास्टबूटमधून, म्हणजे बूटलोडरला संगणकावरून थेट आदेश द्यायच्या मोडमधून, जबरदस्तीने ढकलली तर फोन गप्प होतो. म्हणून फोन फास्टबूटला नेऊन प्रॉडक्टचं नाव फोनकडूनच विचारून घ्यायचं.

४. थांबायला सांगितलं तर थांबा.

शाओमीच्या फोनांवर कंपनीचं खातं जोडल्यावर अनलॉकसाठी बहुधा १६८ तास, म्हणजे सात दिवस, थांबावं लागत आलंय. पुढे शाओमीची नवी सिस्टिम हायपरओएस आल्यावर अटी आणखी वाढल्या आणि एका खात्यावर मोजकेच फोन उघडता येऊ लागले. खातं जोडताना वायफाय बंद आणि सिमचा डेटा चालू हवा, हे लक्षात न घेतल्यामुळे कित्येक जण पहिल्याच पायरीवर अडतात. मुदत संपण्याआधी खातं काढून परत जोडलं की मोजणी बहुधा पहिल्यापासून सुरू.

‘थांबायला नको, लगेच उघडून देतो’ म्हणणारे पैसे घेऊन संगणकाचा दूरचा ताबा मागतात. तो देऊ नका. सात दिवसांत काही बिघडत नाही. उलट त्या दिवसांत फोटो, नंबर, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप निवांत काढून होतो. अनलॉक झालं की फोनचा सगळा डेटा पुसला जातोच, आणि लग्नाचे फोटो गेल्यावर ते कुणी परत आणून देत नाही.

५. आयएमईआयचा बॅकअप सगळ्यात आधी.

टीडब्ल्यूआरपी रिकव्हरी बसली की रॉम टाकायची घाई होते. हात आवरा. आधी ईएफएस आणि पर्सिस्ट ही दोन पार्टिशनं बॅकअपमध्ये घ्या आणि फाइल फोनमध्ये न ठेवता संगणकावर आणि एखाद्या पेनड्राइव्हवर अशी दोन ठिकाणी ठेवा. ईएफएसमध्ये रेडिओची ओळख असते, पर्सिस्टमध्ये सेन्सरची जुळणी. ही गेली की फोन चालू होतो, टच चालतो, यूट्यूबही चालतं, पण स्टार हॅश झीरो सिक्स हॅश दाबल्यावर आयएमईआयच्या जागी काहीच नाही आणि सिमला रेंज नाही.

अशा वेळी बाजारात कुणीतरी ‘दुसरा नंबर टाकून देतो’ म्हणतो. त्या वाटेला जाऊ नका. आयएमईआयशी छेडछाड हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतःचा मूळ बॅकअप परत बसवणं हाच सरळ मार्ग, आणि तो बॅकअप चहा थंड व्हायच्या आत काढून होतो.

६. रॉम कशी आहे ते शेताच्या बांधावर ठरतं.

नवी रॉम पहिल्यांदा सुरू झाली की पोरं आयकॉन आणि रंग बघतात. मी तीन गोष्टी बघतो: कॉल, जीपीएस, कॅमेरा.

कॉलचं कारण असं. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं तेच फक्त फोरजी घेऊन, म्हणजे कॉलही व्होएलटीईवरच. त्या काळातल्या बऱ्याच कस्टम रॉममध्ये व्होएलटीई नव्हतं. इंटरनेट सुसाट, पण कॉल लागायचा नाही, त्यासाठी जिओचं वेगळं अ‍ॅप टाकावं लागायचं. आजही एखाद्या रॉममध्ये एका सिमवर व्होएलटीई चालतं आणि दुसऱ्यावर नाही. बनोटीकडे, सावळदबाऱ्याकडे डोंगराच्या आडोशाला रेंज आधीच पातळ असते. तिथे कॉल लागत नसेल तर त्या सुंदर रॉमचा घरच्यांना काय उपयोग? म्हणून दोन्ही सिम टाकून, दोन्हींवरून कॉल लावून, आलेला कॉल उचलून बघायचा आणि मगच फोन हातात द्यायचा.

जीपीएसचं कारण याहून मोठं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभं राहून अ‍ॅपमधून पिकाचा फोटो काढायचा, जागा फोनने पकडायची, आणि ती नोंद सातबाऱ्यावर जायची. विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळीकडे ही नोंद विचारतात. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी पाच हजारांचं अर्थसाहाय्य जाहीर झालं, तेव्हाही याद्या आधी याच नोंदींवरून निघाल्या. सातबाऱ्यावर नोंद असलेल्या बाकीच्यांचा विचार नंतर झाला. आमच्या तालुक्यात कपाशी किती आहे ते सांगायला नको.

आता विचार करा. फोन जुना, कंपनीची सिस्टिम जुनी, नवं अ‍ॅप त्यावर चालत नाही. असा फोन घेऊन बाप-लेक दुकानात येतात. रेडमी नोट ४ हे चांगलं उदाहरण: जानेवारी २०१७ मध्ये भारतात आला, ४१०० एमएएचची बॅटरी, दणकट अंग, आणि कंपनीची अँड्रॉइड आवृत्ती सातवर थांबली. त्यावर हौशी लोकांनी बनवलेल्या अँड्रॉइड ११-१२ च्या रॉम चालतात. बॅटरी नवी टाकली आणि लिनिएजओएससारखी हलकी रॉम बसवली की तोच फोन शेतात उभा राहतो. पण जीपीएस लॉक व्हायला पाच मिनिटं लावत असेल किंवा जागा शेजारच्या गटात दाखवत असेल, तर नोंद अडते. म्हणून मी फोन घेऊन दुकानाबाहेर मोकळ्या आभाळाखाली उभा राहतो, किती उपग्रह पकडले आणि चूक किती मीटरची दाखवतोय ते बघतो. मग कॅमेऱ्याने फोटो काढून त्यावर जागा उमटते का ते तपासतो. यात नापास झाली की रॉम बदलायची, मग ती दिसायला कितीही देखणी असो.

७. ज्या फोनवर घराचा पैसा आहे तो फोन वेगळा ठेवा.

बँकेची अ‍ॅप फोन तपासतात. गुगलची प्ले इंटिग्रिटी अनलॉक झालेला बूटलोडर ओळखते, आणि २०२५ पासून ती तपासणी हार्डवेअरच्या पुराव्यावर जास्त टेकली आहे. मॅजिस्कसारख्या साधनाने रूट लपवता येतं, पण तो रोजचा पाठशिवणीचा खेळ आहे. आज चाललेलं यूपीआय उद्याच्या अपडेटनंतर हटून बसतं. आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅपही अशा फोनवर चालेलच असं नाही, आणि आता पीएम किसानचं ई-केवायसी त्यावरून करता येतं. म्हातारा माणूस तालुक्याला येऊन रिकाम्या हाताने परत गेला तर त्याला मॅजिस्क समजावून काय उपयोग?

म्हणून मी स्पष्ट सांगतो: घरात एकच फोन असेल आणि बँक, आधार, पेन्शन सगळं त्यावर असेल, तर त्याला हात लावणार नाही, कंपनी त्याला अपडेट देत असेल तर मुळीच नाही. दुसरा फोन असेल, मुलाच्या अभ्यासाचा, शेतावरचा, कपाटात पडलेला, तर आनंदाने करून देतो. शिकायची हौस असलेल्या मुलाने रूट त्याच फोनवर करावं. सिस्टिम आतून कशी चालते ते समजायला याहून चांगली शाळा नाही.

८. परत लॉक करताना जीव मुठीत धरा.

कस्टम रॉम असताना बूटलोडर परत लॉक केला तर बहुतेक फोन सुरूच होत नाहीत, कारण लॉक झाल्यावर तो पुन्हा कंपनीची सही शोधतो. शाओमीच्या मीफ्लॅश साधनात खालच्या कोपऱ्यात सगळं पुसून लॉक करायचा पर्याय आधीच निवडलेला असतो. फ्लॅशचं बटण दाबण्याआधी नजर त्या कोपऱ्यात गेलीच पाहिजे. दुसरं, अँटी-रोलबॅक, म्हणजे जुन्या फर्मवेअरकडे परत जायला बंदी. २०१८ मध्ये नोट ५ प्रोवर ते आलं, आणि जुनी फर्मवेअर परत टाकणाऱ्या अनेकांचे फोन कायमचे थंड पडले. फास्टबूटमध्ये त्याचा आकडा विचारता येतो. रॉमचा आकडा त्याहून कमी असेल तर ती टाकायची नाही. सॅमसंगमध्ये छेडछाडीची नॉक्स खूण एकदा पडली की पुसत नाही, सिक्युअर फोल्डर कायमचं जातं. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा, नंतर नाही.

आणि लाइट. आमच्याकडे ती कधी जाईल सांगता येत नाही. फ्लॅशिंग लॅपटॉपवरच करा, फोनची बॅटरी निम्म्याच्या वर ठेवा, केबल मूळची वापरा. नव्या संगणकावर फास्टबूट सापडत नसेल तर यूएसबी २.० चं पोर्ट किंवा साधा हब लावून बघा.

९. बिल आणि डबा नसेल तर नाही.

‘गुगलचं लॉक तोडून द्या’ म्हणून येणाऱ्यांत विसरभोळे असतात तसे चोरीचा माल घेऊन येणारेही असतात. बिल दाखवलं तरीही केवायएम लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर मेसेज पाठवा, फोन काळ्या यादीत आहे का कळतं. ओळखीचा माणूस असला तरी हे करायचं. फर्दापूरला लेणी बघायला बाहेरून माणसं येतात, त्यांचे फोन हरवतात, आणि ते कुठे फिरत येतील सांगता येत नाही.

१०. अनलॉकचा विचार फोन घेतानाच करा.

दारं एकेक बंद होत आहेत. विवोने अधिकृतपणे अनलॉकचा रस्ता दिला नाही, सॅमसंगच्या वन यूआय ८ मधून २०२५ मध्ये तो पर्यायच गेला, शाओमीच्या अटी वाढत गेल्या. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत कोणती सिस्टिम चालवायची हे घेणाऱ्याने ठरवावं, आणि कंपनी अपडेट थांबवते त्या दिवशी तरी तिने कुलूप काढून द्यावं, असं माझं ठाम मत आहे. गुगलच्या पिक्सेलमध्ये, तेही थेट गुगलकडून आलेल्या, आणि मोटोरोलाच्या बऱ्याच फोनांत हा रस्ता अजून आहे. हप्त्यावर फोन घेत असाल तर आणखी एक विचारून घ्या: हप्ता थकला की फोन बंद करणारं अ‍ॅप त्यात टाकलंय का. ते असेल तर शेवटचा हप्ता फिटून ते अ‍ॅप निघेपर्यंत अनलॉकचा विषय काढू नका, आणि फिटल्याची पावती जपून ठेवा.