मुलाची पहिली चूक : इमाम गझाली काय सांगतात?



मूल्यशिक्षण म्हटलं की आपल्याला परिपाठ, सुविचार, बोधकथा आठवतात. पण मूल खोटं बोलताना सापडलं की खरी परीक्षा आपलीच असते. या प्रश्नावर नऊशे वर्षांपूर्वी एका इस्लामी विचारवंताने काय लिहून ठेवलं, ते आज पाहूया.

इमाम गझाली (१०५८–११११) हे इराणमधल्या तूसचे. बगदादच्या निझामिया मदरशात ते शिकवत. ‘इह्या उलूम अद्-दीन’ या त्यांच्या ग्रंथात मुलांच्या संगोपनावर स्वतंत्र भाग आहे. मूल म्हणजे आईवडिलांकडे सोपवलेली अमानत, म्हणजेच ठेव, असं ते मानतात. मुलाचं मन कोरं असतं, त्यावर जे कोराल तेच उमटतं.

त्यांचा पहिला पाठ ताटापासून सुरू होतो. अल्लाहचं नाव घेऊन, उजव्या हाताने, आपल्या समोरचंच खावं. घाई करू नये, नीट चावावं. आईवडिलांच्या मालमत्तेचा सोबत्यांपुढे तोरा मिरवू नये. समज आली की नमाज आणि रमजानमधल्या काही रोजांची सवय लावावी. शिकून झाल्यावर मात्र खेळू द्यावं, नाहीतर मन मरून जातं. बघा, धर्म, शिस्त आणि खेळ, तिन्ही सोबतच!

आता चुकीचं काय? समजा, मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा सुरू आहे. चौथीतला एक मुलगा पोटदुखीचं कारण सांगून शाळा बुडवतो आणि आकाशपाळण्यात बसलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी त्याला वर्गापुढे उभं करायचं का? गझालींचं उत्तर असं : चांगलं काम चारचौघांत कौतुकाने सांगा. पहिली चूक मात्र पाहून न पाहिल्यासारखी करा, विशेषतः मूल स्वतःच ती लपवत असेल तर. लपवतंय म्हणजे लाज शिल्लक आहे. ती आपणच उघड्यावर आणली, तर पुढे त्याला कशाचंच काही वाटणार नाही. तीच चूक पुन्हा झाली तर एकांतात समज द्या. आणि सतत बोलू नका, बोलणी खायची सवय होते.

इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी ‘मुकद्दिमा’मध्ये पुढचं कारण सांगितलं. धाकात वाढलेलं मूल आळशी होतं, मार चुकवायला खोटं बोलायला शिकतं आणि मग तोच त्याचा स्वभाव बनतो.

त्या काळी छडी होतीच, आणि या दोघांनीही ती पूर्ण बंद करा असं म्हटलेलं नाही. आज २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. पण चारचौघांत केलेला अपमान छडीविनाही होतो, हे आपण विसरतो.

म्हणून या आठवड्यात एवढंच करून बघा : कौतुक वर्गात, कानउघाडणी एकट्यात. आणि पहिली चूक? ती त्या मुलाच्या लाजेवर सोपवून बघा.