पुल एकीकडून, पुश दुसरीकडे

प्रश्न : मुक्तस्रोत प्रकल्पात योगदान देते. मूळ रेपॉझिटरी ‘ओरिजिन’, माझी प्रत ‘फोर्क’ नावाच्या रिमोटवर. नुसतं ‘गिट पुश’ केलं की ते ओरिजिनकडे जातं आणि परवानगी नाकारली जाते. दर वेळी रिमोटचं नाव लिहावंच लागेल का?

उत्तर : नाही. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ही आज्ञा द्या (रोमन अक्षरांत, अर्थातच) : गिट कॉन्फिग रिमोट.पुशडिफॉल्ट फोर्क. २०१३च्या १.८.३ आवृत्तीपासून ही सोय आहे. पुल पूर्वीसारखंच ओरिजिनवरून होईल, पुश मात्र फोर्ककडे जाईल.

अनेक जण यावर ‘पुश’ला ‘-यू’ जोडण्याचा उपाय सुचवतात. तुमच्यासाठी तो चुकीचा. त्याने त्या ब्रँचचा अपस्ट्रीमच फोर्क होतो. मग पुलही तिथूनच होतं, आणि मूळ प्रकल्प पुढे गेला तरी तुम्हाला ‘सगळं अद्ययावत आहे’ असंच दिसत राहतं. आधी असं केलं असेल, तर त्या ब्रँचचा अपस्ट्रीम पुन्हा ओरिजिनवर आणा. नवी सेटिंग तो आपोआप बदलत नाही.

एखादीच ब्रँच वेगळीकडे पाठवायची असेल, तर तिच्यापुरतं ‘पुशरिमोट’ ठरवता येतं. ते पुशडिफॉल्टपेक्षा वरचढ ठरतं. ‘ग्लोबल’ पर्याय मात्र टाळा. ज्या प्रकल्पात फोर्क नावाचा रिमोटच नाही, तिथे पुश अडेल.

खात्री करायची असल्यास ‘ड्राय-रन’ पर्यायासह पुश करा. काहीही न पाठवता माल कुठे निघालाय ते कळेल.