शुगर बघतेस, लघवी कधी तपासलीस?

अगं, रागावू नकोस, पण काल तुझी फाइल मी चाळली. उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची, तीन महिन्यांची, सगळं कसं तारीखवार लावलंयस! किडनीचा मात्र एकच कागद, क्रिएटिनिनचा. तो नॉर्मल, म्हणून तू निर्धास्त. तिथंच फसायला होतं बघ. क्रिएटिनिन चढेपर्यंत किडनीची बरीच ताकद गेलेली असते. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन झिरपू लागतं, आणि तेव्हा दुखत नाही की खुपत नाही.

हे काही लाखात एखादीला होणारं दुखणं नाही. चेन्नईतल्या मधुमेहींची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. किडनी उघड बिघडलेले जेमतेम २.२ टक्के, पण ही सुरुवातीची गळती जवळजवळ २७ टक्क्यांना! आणि देशात मधुमेही १० कोटींच्या वर.

सगळ्यांच्याच किडन्या बिघडतात असंही नाही हं. शुगर किती वर्षं आहे, किती चढी राहिली, घराण्यात कुणाला किडनीचा त्रास होता का, तंबाखू आहे का, यावर बरंच अवलंबून. पण माझं विचारशील तर आपण सगळ्यात जास्त हेळसांड करतो ती बीपीची. जिलबी सोडलीस, कौतुक आहे. पोह्यांवरची मूठभर शेव सुटली का? त्यातलं बीपी चढवणारं मीठ कोण मोजणार?

आणि ती वैशाखातली आपल्या उज्जैनची पंचक्रोशी यात्रा. ११८ किलोमीटरची वाट, माळव्याचं ऊन, पोटात पाणी कमी, आणि मुक्कामावर गुडघ्यांसाठी कुणीतरी पुढे केलेली दुखण्यावरची गोळी. अंगातलं पाणी आटलेलं असताना ह्या गोळ्या किडनीला फार भोवतात. यात्रेला जा, खुशाल जा. पण निघण्याआधी डॉक्टरांना विचार, आणि मेडिकलमधून मनानं गोळ्या आणू नकोस.

लॅबमध्ये ‘लघवीचा एसीआर’, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण, करायचाय म्हणून सांग. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा. पाळी, ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर थांब, आकडा उगाच फुगतो. ३० च्या आत आला तर पुन्हा वर्षानं. जास्त आला तर रडत बसू नकोस. तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करतात, तीनांत दोनदा वाढलेला आला तरच खरा धरतात. आणि खरा निघालाच, तरी बीपीच्या काही गोळ्या किडनीला जपतात. शुगरचं डापाग्लिफ्लोझिनही जपतं, ते तर २०२० नंतर स्वस्त झालंय. कोणतं तुला चालेल ते डॉक्टर ठरवतील.

नवऱ्याच्या तपासणीची तारीख कधी चुकवत नाहीस. स्वतःची मात्र दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर! संध्याकाळी फ्रीगंजच्या बाजारात जाशीलच, येताना लॅबमधून नमुन्याची डबी घेऊन ये.