गाडीत झोपलो, घामाघूम झालो

प्रश्न : मे महिन्यात मी आणि माझे मेहुणे भंडारदऱ्याला गेलो होतो. तंबू वगैरे काही नेला नाही. मागच्या सीटा पाडून गाडीतच झोपायचं ठरवलं होतं. पहाटे बाहेर चादर घ्यावी असा गारवा आणि गाडीत मात्र घामाच्या धारा. काचांनाही आतून पाणी सुटलेलं. एसी लावून झोपू म्हटलं, तर मेहुण्यांनी "जीव जाईल" म्हणून दम भरला. गाडीत इतकं का उकडतं? आणि एसीने खरंच जीव जातो का?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : मेहुण्यांचं ऐका. उकाड्याचं कारण गमतीचं आहे, ते सावकाश बघू. एसीचं मात्र आधी सांगतो.

पेट्रोल-डिझेलच्या साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. रात्रभर एसी हवा तर रात्रभर इंजिन चालू ठेवावं लागणार. तासाला लिटरभर इंधन जाईल ते जाईल, पण धुराचं काय? त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितकं धरतं त्याच्या दोनशेहून अधिक पट घट्ट या वायूला धरतं. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. गाडी पळत असते तेव्हा धूर मागे पडतो. उभ्या गाडीचा धूर तिथेच घुटमळतो. वारा मागून असेल, गाडीचं बूड बांधाला टेकलेलं असेल किंवा सायलेन्सरला गंजून कुठे भोक पडलेलं असेल, तर तो आत शिरायला वाट काढतोच. डिकी उघडी टाकून झोपणाऱ्याच्या तर तो थेट अंथरुणात येतो.

यातली खरी मेख अशी, की डोकं दुखायला लागलं आणि मळमळलं, तर घाट चढून आलेल्या माणसाला "गाडी लागली" असंच वाटतं. तो पाणी पितो आणि आडवा होतो. झोप लागलेल्याला तर काहीच कळत नाही. तेव्हा इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, यात "खिडकी थोडी उघडी ठेवली तर?" असा पोटप्रश्नही नको. गाडीच्या आत शेगडी पेटवून चहा करणं हाही त्याच जातीचा उद्योग आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला ही भीती नाही. गाडी एकदा गार झाली की एसीला तासाला अर्धा ते एक युनिट पुरतं, म्हणजे रात्रभरात चार ते आठ युनिटं. परतीच्या घाटाचा आणि वाटेतल्या चार्जरचा हिशेब करून खुशाल लावा.

आता उकाडा. दुपारच्या आणि रात्रीच्या उकाड्याची कारणं वेगवेगळी असतात. दुपारी ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीटा तापवतं, त्यांच्यामुळे हवा तापते आणि ती कोंडलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. ही वाढ फार झपाट्याने होते. तासाभरात जेवढं तापमान वाढायचं त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच वाढून घेतं, आणि काच बोटभर खाली केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणूनच "पाच मिनिटांत येतो" म्हणून लेकराला उन्हातल्या गाडीत ठेवून जाणं हा गुन्हाच समजावा. कॅम्पिंगवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट : छोट्या स्टोव्हची गॅसची डबी, डासांचा स्प्रे, लायटर हे सगळं पन्नास अंशांच्या वर तापू द्यायचं नसतं आणि मे महिन्यातली उन्हातली गाडी ती मर्यादा सहज ओलांडते. ते सामान पिशवीत घालून झाडाच्या सावलीत काढून ठेवा.

रात्री सूर्य नसतो, पण तुम्ही असता. झोपलेला माणूस साधारण ७५ वॉट उष्णता सोडतो. म्हणजे तुम्ही आणि मेहुणे मिळून जुन्या पद्धतीचे दोन बल्ब रात्रभर पेटलेले, तेही जेमतेम तीन घनमीटर हवेत. त्यात सीटांच्या फोमने दिवसभर साठवलेली ऊब असते. छताचा पत्रा बाहेरून लवकर गार होतो, पण त्याच्या आतल्या अस्तरामुळे तो गारवा तुमच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय श्वासातून आणि त्वचेतून दोघांचं मिळून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. हवा दमट झाली की घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. पाठ फोमवर दाबलेली, तिकडून तर वाराच नाही. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनीच जास्त असलं तरी तुम्हाला भट्टीत असल्यासारखं वाटलं, ते यामुळे.

काचांवरचं पाणी म्हणजे हाच तुमचा श्वास. निरभ्र रात्री काच आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. आतली दमट हवा तिला लागली की थेंब धरतात.

यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. दुपारी गाडी सावलीत लावा. सूर्य मावळला की चारही दारं आणि डिकी अर्धा-पाऊण तास सताड उघडी टाका, म्हणजे सीटा निवतील. लोक हे करतच नाहीत. डासांच्या भीतीने संध्याकाळीच काचा लावून घेतात आणि दिवसभराचा ताव आत कोंडून त्यात झोपतात. मग गाडी कशी उभी करायची ते बघा. खिडक्या गाडीच्या बाजूंना असतात, त्यामुळे वाऱ्याकडे नाक करून उभ्या गाडीत वारा शिरतच नाही. गाडी वाऱ्याला आडवी लावली की एका खिडकीतून आत आणि समोरच्या खिडकीतून बाहेर असा झोत वाहतो. डोंगराजवळ रात्री गार हवा उतारावरून दरीकडे वाहत येते, म्हणून गाडी उताराला आडवी ठेवली तर बरं. मात्र जागा सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा आणि चाकांना दगडाची उटी लावलेली हवी. डासांसाठी मच्छरदाणीचं कापड दाराच्या वरच्या चौकटीवरून पांघरायचं, दार लावून घ्यायचं आणि काच खाली करायची. कापड दारात घट्ट धरलं जातं. यूएसबीवरचा पाच वॉटचा पंखा हवा बाहेर फेकेल असा एका खिडकीशी लावा, म्हणजे दुसरीकडून ताजी हवा आपोआप येईल. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर तो सहा-सात तास चालतो.

एक खबरदारी फारशी कुणी सांगत नाही. मे महिन्यात माळावरचं गवत कडक वाळलेलं असतं. घाट चढून आलेल्या गाडीच्या पोटाखाली सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कित्येकशे अंशांपर्यंत तापलेले असतात. पोटाला लागणाऱ्या गवतात गाडी घातली तर गवत पेटू शकतं, आणि उन्हाळ्यातला वणवा गाडीपुरता थांबत नाही. उघड्या मुरमावर नाहीतर खडकावरच गाडी लावा. अभयारण्याच्या हद्दीत रात्र काढायला वनखात्याची परवानगी लागते. त्यापेक्षा वाडीत कुणाला तरी विचारून अंगणाच्या कडेला जागा घ्यावी. पाण्याची सोय होते आणि सकाळी पिठलं-भाकरी मिळते, तिचे पैसे न मागता द्यावेत.

पण माझं स्पष्ट मत विचाराल, तर उन्हाळ्यात गाडीत झोपूच नये, गाडीशेजारी झोपावं. आपल्याकडे वाहनाबरोबर मुक्काम करण्याची रीत जुनीच आहे. जत्रेला निघालेली बैलगाडी रात्री सोडली की माणसं गाडीखाली नाहीतर बाजूला पथारी टाकत. गाडीत राहायचं ते सामान. पंढरीच्या वारीत आजही दिंडीचा ट्रक पुढे जातो, राहुट्या उतरवतो, चुली पेटवतो, आणि वारकरी झोपतात ते राहुटीत. ट्रकमध्ये झोपायची वेळ आली तर ती पावसामुळे. परदेशी व्हिडिओंमध्ये गाडीत गादी, परड्या, दिव्यांच्या माळा बघून आपण भुलतो. ती मंडळी बहुतेक थंडीपासून लपत असतात. आपल्याला वारा हवा असतो.

बाहेर झोपायचं तर घडीची खाट न्या, जमिनीवर झोपू नका. उन्हाळ्याच्या अखेरीस विंचू हिंडत असतात, आणि कोकणातल्या तांबड्या विंचवाचा दंश थेट हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून उपचार रूढ केले आणि पुष्कळ जीव वाचले. पण त्या औषधापर्यंत वेळेत पोचावं लागतं. दंश झाला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता दवाखाना गाठा. सकाळी बूट झटकूनच पाय घाला.

ठिकाण निवडताना दिवसाचा पारा बघून फसू नका, रात्रीचा बघा. मे महिन्यात मुंबईचं दुपारचं तापमान तेहतीस-चौतीस आणि पुण्याचं अडतीसच्या आसपास. पण रात्री मुंबई सत्तावीसच्या खाली उतरायला तयार नसते, आणि पुणे बावीस-तेवीसवर येतं. हवेतली वाफ जमिनीची उष्णता अडवून धरते. घाटमाथ्याच्या पूर्वेला हवा कोरडी, म्हणून तिथे रात्र निवते. ओला टॉवेल खिडकीत टांगायची युक्ती देशावर छान चालते, किनाऱ्यावर तिचा उपयोग नाही. वर उंचीचा फायदा वेगळा : हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. म्हणजे भंडारदऱ्याची साडेसातशे मीटरच्या आसपासची उंचीच तुम्हाला चार-पाच अंश गारवा देते. कोकणात जायचंच असेल तर दिवाळीनंतर जा, आणि गाडी पुळणीवर घालू नका. भरती कुणाची वाट बघत नाही आणि रुतलेल्या गाडीला ट्रॅक्टर मिळेपर्यंत पाणी चाकाला लागतं.

गाडीचा खरा उपयोग होतो तो वळवाच्या वेळी. मेच्या उत्तरार्धात दुपारपासून ढग चढतात आणि संध्याकाळी विजांसह पाऊस झोडपतो. अशा वेळी तंबू काही कामाचा नाही आणि आंब्याखाली उभं राहणं तर सर्वांत वाईट. पत्र्याच्या छताची बंद गाडी मात्र उघड्यावरची सर्वांत भरवशाची जागा. ती सुरक्षित आहे ती रबरी टायरमुळे, असा समज आहे, तो चुकीचा. वीज पडलीच तर प्रवाह पत्र्याच्या बाहेरच्या कवचावरून जमिनीकडे जातो, आतल्या माणसाला वगळून. म्हणून काचा वर करा, आतल्या धातूच्या भागांना टेकू नका, चार्जिंगची वायर काढून ठेवा. ताडपत्रीच्या छताच्या जीपला हे लागू नाही. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर वीज किलोमीटरभर अंतरावर आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडू नका. एवढ्यासाठी बाहेर झोपलात तरी गाडीत बसण्यापुरती जागा मोकळी ठेवा, नाहीतर पावसात बॅगा उतरवत बसाल.

आणि आकाश स्वच्छ असेल तर लवकर झोपू नका. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजाच्या थोडं वर, साधारण अकरा अंशांवर, त्रिशंकूचा क्रॉस उभा दिसतो. दिल्लीकरांच्या वाट्याला तो जेमतेम क्षितिजाला टेकून येतो. अकराच्या सुमारास स्वातीचा तांबूस-पिवळा तारा जवळजवळ बरोब्बर डोक्यावर येतो, कारण आकाशातलं त्याचं स्थान आणि भंडारदऱ्याचा अक्षांश हे दोन्ही एकोणीस-साडेएकोणीस अंशांचे आहेत. सनरूफला बाकी काही नाही तरी एवढा उपयोग आहे.

प्रश्न : काजवे बघायला जायचंय. मुलं लहान आहेत, गाडीत बसूनच बघितले तर चालेल का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालेल, पण गाडीचे दिवे आवरता आले पाहिजेत. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस लागेपर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखतात. हा लखलखाट म्हणजे नराने मादीला घातलेली साद. हेडलाइटचा झोत पडला की मादीला नराचा प्रकाश दिसत नाही आणि वीण हुकते. प्रौढ काजव्याला आयुष्य थोड्या दिवसांचं, त्यात पुन्हा संधी मिळेलच असं नाही.

तेव्हा उजेड असतानाच पोचा आणि ठरलेल्या वाहनतळावरच गाडी लावा. इंजिन बंद केल्यावरही काही गाड्यांचे पुढचे दिवे अर्धा मिनिट जळत राहतात. ती सोय घरूनच बंद करून निघा. दार उघडताच लागणारा आतला दिवाही बंद करा. मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका. फोटोत तसंही काही येत नाही. आणि गाडी लॉक करायची तर रिमोटने नको, किल्लीने करा. रिमोट दाबला की चारही इंडिकेटर पिवळे चमकतात, आणि शेजारच्या दहा गाड्यांतली मंडळी "तो बघ केवढा मोठा!" म्हणून ओरडतात.