नव्या हृदयाची पाठराखीण

कोणा एकाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविल्याची वार्ता वर्तमानपत्रात येते, तेव्हा शस्त्रवैद्याचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि ते यथायोग्यच होय. परंतु शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. ते हृदय पुढे वर्षानुवर्षे नीट चालावे म्हणून जी दक्षता घ्यावी लागते, तिचा मोठा भार परिचारिकेवर असतो. लेक प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण जाते, तशीच ही परक्या घरी आलेल्या हृदयाची पाठराखीण. भेद इतकाच की, हिला चार दिवसांनी माघारी येता येत नाही.

जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे केले. त्यानंतर तीन महिने लोटण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रोगी काही तासच जगला. त्या काळी आपल्याकडे मेंदूच्या मृत्यूस कायद्याची मान्यता नव्हती, परका अवयव शरीराने नाकारू नये यासाठी आजच्यासारखी भरवशाची औषधे कोठेच नव्हती, आणि दात्यापासून रोग्यापर्यंतची सारी साखळी सांभाळणारी यंत्रणाही नव्हती. १९९४ साली अवयवप्रत्यारोपणाचा कायदा संमत झाला व त्याच वर्षी दिल्लीस डॉ. वेणुगोपाळ यांना यश आले. मुंबईस मात्र ऑगस्ट २०१५ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वेळी पुण्यात मिळालेले हृदय विमानाने आणून मुलुंड येथे डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते बसविले. मधली सत्तेचाळीस वर्षे ही साखळी जोडण्यात गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या साखळीतील एक कडी म्हणजे समन्वयक. २०११ च्या दुरुस्तीने प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयात समन्वयक नेमणे बंधनकारक झाले. हे काम समाजसेवकही करतात. परंतु रोग्याच्या शरीराशी जेथे नित्य संबंध येतो, तेथे परिचारिकाच अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दात्याच्या बाजूचे काम थोडक्यात सांगतो. मेंदू मृत झाला तरी यंत्राच्या साह्याने श्वास चालतो, अंग उबदार असते, छाती वरखाली होते. आप्तांना वाटते, माणूस झोपला आहे. चार वैद्यांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मृत्यू निश्चित करते; प्रत्यारोपण करणारा वैद्य त्या मंडळात असू शकत नाही. त्यानंतर समन्वयकाने आप्तांशी बोलावयाचे. त्यांनी नकार दिला तर तो निमूटपणे मान्य करावयाचा. तेथे आग्रहास स्थान नाही. होकार मिळाल्यास विदर्भातील वार्ता नागपूरच्या विभागीय केंद्राकडे जाते, व प्रतीक्षायादीच्या क्रमाने अवयव दिले जातात. हृदय शरीराबाहेर सुमारे चार तासच टिकते. म्हणून दोन्ही शस्त्रक्रियागृहे, वाहन व पोलीस यांची वेळ घड्याळाबरहुकूम जुळवावी लागते.

परंतु हृदय मिळेपर्यंत रोग्याने काय करावे? काहींच्या शरीरात एक लहान पंप बसवितात. तो हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातून रक्त ओढून महारोहिणीत ढकलतो. पोटाच्या त्वचेतून एक तार बाहेर येते, ती कमरेच्या नियंत्रकास व विद्युत्घटांस जोडलेली असते. या यंत्राची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

असा रोगी घरी जावयाचा असला म्हणजे परिचारिकेची खरी परीक्षा सुरू होते. रात्री यंत्र घरच्या विजेवर चालवितात. तेव्हा घरात अर्थिंग ठीक आहे काय, भारनियमन किती वेळ असते, भारलेले जादा घट कोठे ठेवाल, हे ती अगोदर विचारते. दोन्ही घट एकाच वेळी कधीही काढावयाचे नाहीत, हे ती घरच्या माणसांकडून हाताने करवून घेते. तार जेथून बाहेर येते तेथे जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पट्टी बदलण्याची रीत शिकविते. रक्त गोठू नये यासाठी दिलेल्या औषधाचा परिणाम पालक, मेथी अशा भाज्यांनी कमी होतो. मेथी वर्ज्य नाही. परंतु एके दिवशी ताटभर आणि मग आठ दिवस मुळीच नाही, असे चालत नाही. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की, हा पंप रक्त अखंड ढकलतो, त्यामुळे पुष्कळदा मनगटाची नाडी हातास लागतच नाही. शिरपूरसारख्या गावी असा माणूस भोवळ येऊन पडला व कोणी नाडी पाहिली, तर रडारड सुरू व्हावयाची! यास्तव गावच्या डॉक्टरांना व शेजाऱ्यांना आधीच कल्पना देणे, जवळ दूरध्वनीचा क्रमांक असलेले पत्र ठेवणे, हेही तिचेच काम.

प्रत्यारोपणानंतर काळजीचे रूप पालटते. शरीराचे रक्षकबळ मुद्दाम मंद ठेवावे लागते. औषध फार झाले तर रोगजंतू बळावतात, उणे झाले तर शरीर नवे हृदय नाकारते. टॅक्रोलिमस नावाचे औषध बहुधा बारा बारा तासांनी घ्यावयाचे असते, आणि रक्तातील त्याचे प्रमाण पाहावयाचे तर सकाळची मात्रा घेण्यापूर्वी रक्त द्यावे लागते. रोगी भल्या पहाटे गोळी घेऊन गाडीत बसला, तर ती तपासणी वाया गेली. म्हणून परिचारिका आदल्या संध्याकाळीच दूरध्वनी करते. पपनस किंवा कोणी प्रेमाने दिलेला काढा पोटात गेल्यास औषधाचे गणित बिघडू शकते. नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असल्याने ते विश्रांतीतही जलद चालते, आणि त्यास पीडा झाली तरी छातीत दुखेलच असा नेम नाही. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हा आपला नेहमीचा ठोकताळा येथे लागू पडत नाही. किंचित ताप, धाप वा पायांवर सूज दिसताच कळविले पाहिजे. पैशाच्या ओढीने गोळ्या अर्ध्यावर आणणारी माणसे असतात. ती लाजेने डॉक्टरांना सांगत नाहीत, परिचारिकेस सांगतात.

आपल्या जिल्ह्यास परिचारिकेचे काम नवीन नाही. १९३० नंतरच्या दशकात नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी वाशीम येथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभारले, व पुढे तेथे परिचारिकांची शाळाही चालली. आमच्या ज्या विद्यार्थिनींना, व विद्यार्थ्यांनाही, ही वाट धरावयाची असेल, त्यांनी बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन नर्सिंगच्या बी. एस्सी.चा चार वर्षांचा अभ्यासक्रम करावा; जी. एन. एम.चा तीन वर्षांचाही मार्ग आहे. त्यानंतर अतिदक्षता विभागात काही वर्षे काढली म्हणजे या शाखेत शिरणे सुकर होते. औषधांची नावे इंग्रजी, मात्रा दशांश अपूर्णांकांत आणि समजावून सांगावयाचे ते वऱ्हाडीत, तेव्हा तिन्हींची तयारी शाळेतच करावी लागेल.