ऊन घरातही लागते

उन्हाळा सुरू झाला की "दुपारी घराबाहेर पडू नका" असा सल्ला सगळीकडून ऐकू येतो. सल्ला योग्यच आहे. परंतु ज्या घरात बसायचे ते घरच तव्यासारखे तापले असेल तर काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. घाटकोपर, मुलुंडच्या डोंगरउतारावरील वस्त्या, पत्र्याची घरे आणि चाळींचे वरचे मजले यांत राहणाऱ्या आपल्या बांधवांपुढे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. म्हणून प्रस्तुत लेखात घरातील उष्म्याचा विचार करण्याचे योजिले आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील लिपिक. वैद्यकाचा अधिकार आमचा नाही. पण एका उन्हाळ्याने हा विषय आम्हांस शिकायला लावला.

एक अनुभव

मंगळवार, १६ एप्रिल २०२४. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत ३९.७ अंश तापमानाची नोंद झाली. बरोबर एक वर्ष आधी, १६ एप्रिल २०२३ रोजी, खारघरच्या मैदानावरील महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला होता. ती आठवण ताजी होती. म्हणून सकाळी बँकेत निघताना आम्ही आईला बजावले, "आज बाहेर पाऊल टाकायचे नाही. दार-खिडकी लावून पंख्याखाली पडून राहा." एवढे सांगून आम्ही दिवसभर वातानुकूलित कचेरीत बसायला गेलो.

दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या ताईंचा फोन आला. आई असंबद्ध बोलत होती, अंग चटका बसावा असे तापले होते. ताईंनी कुणाची वाट पाहिली नाही. आईला गल्लीतल्या सावलीत आणले, पिंपातले पाणी अंगावर ओतले, ओले लुगडे तसेच ठेवून पुठ्ठ्याने वारा घातला. वस्तीत वर गाडी येत नाही. चार मुलांनी खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून खाली नेले आणि रिक्षाने रुग्णालयात पोहोचविले. आई वाचली. डॉक्टरांनी श्रेय पहिल्या अर्ध्या तासातील त्या पाण्याला दिले.

चूक आमची होती. दार-खिडकी लावण्याचा सल्ला जाड भिंतींच्या, स्लॅबच्या घराला लागू पडतो. आमच्या डोक्यावर सिमेंटचा पत्रा होता. बंद घराची आम्ही भट्टी केली होती.

उष्मा का बाधतो?

आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास राहण्याची धडपड करीत असते. घाम येतो, तो वाळतो आणि वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. मुंबईची हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या मानाने येथील पारा कमी असला तरी त्रास कमी नसतो. हवामान खात्याचा निकषही यासाठीच वेगळा आहे. मैदानी भागात किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त तापमान असल्यास उष्णतेची लाट मानली जाते.

मुंबईत धोक्याचे दिवस मे महिन्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्येच अधिक येतात. पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि पारा चढतो. सांताक्रूझचा एप्रिलमधील ४२.२ अंशांचा उच्चांक १४ एप्रिल १९५२ चा, म्हणजे जयंतीच्याच दिवसाचा आहे. आपल्या लगबगीचे दिवस आणि लाटेचे दिवस एकच असतात, हे कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवावे.

घरातला उष्मा ही केवळ गरीब देशांची गोष्ट नाही. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे १५ हजार माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, आणि थेट छपराखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना अधिक धोका असल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. त्यांतले कित्येक घरात एकटेच होते.

घरात काय करावे?

१. छप्पर : घर तापते ते मुख्यतः वरून. फेब्रुवारीअखेर पत्र्याला किंवा गच्चीला पांढरा चुना अथवा पांढरा रंग द्यावा. पांढरा रंग ऊन परतवतो. पत्र्याच्या वर थोडे अंतर सोडून हिरवी जाळी बांधली तर आणखी फरक पडतो. आतून थर्माकोल लावण्याचा मोह टाळावा. तो चटकन पेट घेतो.

२. दार-खिडकी : स्लॅबच्या घरात दिवसा उन्हाकडील खिडकी झाकावी आणि रात्री सगळ्या उघडाव्यात, कारण स्लॅब दिवसभराची उष्णता मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतो. पत्र्याच्या घरात दुपारी दार बंद करून बसू नये. बाहेरच्या सावलीत आतल्यापेक्षा बरे वाटत असेल तर सरळ बाहेर येऊन बसावे.

३. चूल : दहा बाय बाराच्या खोलीत पेटलेली शेगडी आणि कुकरची वाफ म्हणजे दुसरे ऊन. स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकावा. दुपारी ताक-भाकरी, कांदा, कोकम सरबत, पन्हे यांवर भागवावे. गरम पोळीचा आग्रह घरातील पुरुषांनी दोन महिने सोडावा.

४. पंखा : हवा अंगापेक्षा अधिक तापली की पंखा गरम वाराच फेकतो. अशा वेळी अंगावर ओला पंचा घेऊन पंख्याखाली बसावे. मान, काखा व पाय वारंवार ओले करावेत.

५. पाणी : तहान लागण्याची वाट पाहू नये, वृद्धांना ती उशिरा जाणवते. फार घाम गेला असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा. हृदय, मूत्रपिंड वा रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांनी पाण्या-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

धोका ओळखावा

चक्कर, पायात गोळे, डोकेदुखी, मळमळ ही पहिली सूचना. तेव्हाच सावली, पाणी आणि विश्रांती द्यावी. माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजावा, मग घाम असो वा नसो. ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणे व वारा घालणे थांबवू नये. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही.

न सांगितलेले कारण

आई घरी आल्यावर आम्ही रागानेच विचारले, "हंडा भरलेला होता, मग पाणी का प्यायली नाहीस?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाणी प्यायलं की खाली जावं लागतं रे. साठ पायऱ्या. तिथं दुपारी पाणी नसतं, कडीही लागत नाही."

त्या वस्तीत आम्ही लहानाचे मोठे झालो, पण हे कधी आमच्या ध्यानात आले नव्हते. पुढे ओळखीच्या घरांत विचारले तर आया-बहिणींकडून हेच उत्तर मिळाले. सकाळी एकदा जायचे आणि संध्याकाळपर्यंत ओठ ओले करण्यापुरतेच पाणी प्यायचे. "भरपूर पाणी प्या" हा फलक त्यांच्यासाठी कोरडाच राहतो.

म्हणून आमची संस्थेस नम्र सूचना आहे. मार्च ते मे दुपारी बारा ते चार सभागृह वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठी उघडे ठेवावे. तेथे पंखा, पाण्याचे माठ आणि स्वच्छ शौचालय असावे. प्रत्येक गल्लीत दोन तरुणांनी दुपारी एकट्या राहणाऱ्यांच्या दारात एक फेरी मारावी. आणि सार्वजनिक शौचालयाची कडी, दिवा व पाणी यांचा पाठपुरावा उन्हाळ्याच्या आधी करावा. उष्माघात टाळण्याचे ते पहिले काम आहे.

आम्ही यंदा छपराला चुना दिला आणि खालच्या शौचालयाला चार शेजाऱ्यांनी वर्गणी काढून कडी बसविली. कडीला दीडशे रुपये लागले. आई आता दुपारी पाणी पिते.