सौम्य मिरचीची पारख

न्यू मेक्सिकोच्या दक्षिणेस, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातील लास क्रूसेस गावी आम्ही बिऱ्हाड केले, त्या वर्षीच्या भाद्रपदात बाजारात जाळीच्या फिरत्या पिंपांतून हिरव्या मिरच्या भाजल्या जाताना पाहून आणि त्या खमंग धुराने मोहित होऊन, आपणही ही लांब, मांसल, मुलांनाही सोसेल अशी मिरची परसात लावावी व वर्षाची बेगमी बाटल्यांत भरून ठेवावी, असा संकल्प मी केला. त्या संकल्पात माझ्या हातून दोन गंभीर चुका घडल्या. त्यांची हकीकत इतरांच्या उपयोगी पडावी.

पहिली चूक बियाण्याची. मिरची-संशोधक रॉय नाकायामा यांनी १९७५ साली प्रसृत केलेला, प्रचंड लांबीच्या फळांसाठी नावाजलेला 'बिग जिम' हा वाण मी लावला आणि शेजारच्याच वाफ्यात तिखट हालापेन्योची रोपे लावली. त्या हंगामात फळे सौम्यच आली, कारण परक्या परागाचा परिणाम त्या वर्षीच्या फळात नव्हे, तर त्यातील बीजात उतरतो. मिरची बहुतांशी स्वपरागित असली तरी मधमाश्या आपले काम करीतच असतात. निवडक फळांचे बी मी मोठ्या आस्थेने राखून ठेवले, आणि दुसऱ्या वर्षी त्याच रूपाच्या, त्याच रंगाच्या कित्येक मिरच्या अशा जहाल निघाल्या की धाकट्याने पहिल्याच घासाला ताट दूर सारले. त्यातच ऐन उन्हाळ्यात आम्ही परगावी गेल्याने रोपांना पाण्याची ओढ बसली होती. तहानलेल्या झाडाची मिरची अधिक तिखट होते, ही बाब मला फार उशिरा कळली. शिवाय 'बिग जिम'च्या एकाच झाडावर सौम्य व तिखट अशी दोन्ही फळे लागू शकतात.

म्हणून ज्यांना खात्रीची सौम्यता हवी, त्यांनी 'अनाहाइम' किंवा १९५७ सालचा 'न्यूमेक्स ६-४' लावावा, दरसाल विश्वासू विक्रेत्याकडून नवे बियाणे घ्यावे आणि पाण्यात खंड पडू देऊ नये. फळ गुळगुळीत, जाड गराचे व देठाकडे खोलगट नसलेले पाहावे, कारण भाजल्यावर साल अशाच फळाची सहज निघते. लास क्रूसेसच्याच कृषी महाविद्यालयातील फाबियान गार्सिया यांनी १८९४ पासून निवड आरंभली ती डबाबंद करण्याजोग्या अशाच मिरचीसाठी, आणि त्यातूनच १९२१ साली त्यांचा 'नंबर ९' हा वाण प्रसृत झाला. चिरताना आतली पांढरी शीर काढून टाकावी. तिखटपणाचे मूळ स्थान बी नव्हे, ती शीर होय.

दुसरी चूक मात्र जिवावर बेतणारी होती. लोणच्याच्या बरणीवर वाढलेल्या माझ्या मनाला, भाजून सोललेली मिरची पाण्यात घालून बाटल्या उकळल्या की काम झाले, असे वाटले. परंतु लोणच्याला मीठ व लिंबाचा आम्लरस राखतो, साध्या पाण्यातील मिरचीला राखणारे काहीच नसते. तिचा सामू ४.६ च्या वर असतो, आणि हवा नसलेल्या अशा बाटलीत बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू, जे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, पुढे विष निर्माण करू शकतात. त्या विषाला वास नाही, चव नाही. आमचे गाव सुमारे ३,९०० फूट उंचीवर, तेथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. १९७७ साली मिशिगनमधील पाँटिअॅक येथे घरगुती पद्धतीने बाटलीबंद केलेल्या मिरच्यांपायी पन्नासाहून अधिक माणसे आजारी पडली, हे वाचनात आले तेव्हा माझ्या फडताळात अठरा बाटल्या उभ्या होत्या. त्या सर्व मी न उघडता नष्ट केल्या.

आता मी बाटल्या भरण्याचे खास दाबयंत्र वापरतो. एक पाइंटच्या बाटल्या, वर एक इंच मोकळी जागा, आमच्या उंचीवर तबकडीच्या काट्यावर १२ पौंड दाब आणि पूर्ण ३५ मिनिटे. आपला नेहमीचा प्रेशर कुकर या कामी चालत नाही. तो लवकर तापतो व लवकर निवतो, आणि हिशेबातील उष्णता बाटलीच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. ज्यांच्याकडे ते यंत्र नाही, त्यांनी मिरची भाजून, सोलून, पिशव्यांत भरून गोठवावी, असा माझा कळकळीचा आग्रह आहे. यंत्र असूनही आमच्या घरची निम्मी मिरची आज बर्फपेटीतच जाते.